नाशिकच्या पश्चिमेचे घाट सायकलवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी रोड बाईक घेतलेली मंडळी पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्र्यंबक रोडवर कुठे ना कुठे भेटतातच. चहाच्या टपरीवर गप्पा सुरू झाल्या की प्रश्न साधारण तेच असतात. मी गेली कित्येक वर्षं याच रस्त्यांवर फिरते आहे. त्यातून जे कळलं ते इथे एकत्र लिहिते आहे.

सुरुवात कुठून करू?

गंगापूर रोडने. सोमेश्वर, गोवर्धन, गंगापूर गाव, दुगाव करत गिरणाऱ्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. जाऊन-येऊन ३५ किलोमीटरच्या आसपास होतात. चढ आहेत, पण लहान. एक संपून श्वास जागेवर आला की मग दुसरा सुरू होतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मळे. हंगामात गिरणाऱ्यात टोमॅटोचा बाजार भरतो, तेव्हा दुपारनंतर पिकअप गाड्यांची रांग लागते. म्हणून सकाळीच उरकावं.

हा रस्ता न थांबता, धाप न लागता होऊ लागला की मग त्र्यंबक.

त्र्यंबकेश्वरचा रस्ता अवघड आहे का?

नाही. २८ ते ३० किलोमीटर आहेत, आणि नाशिकपेक्षा त्र्यंबक उंचावर असलं तरी चढ सगळ्या वाटेवर पसरलेला आहे. बेळगाव ढगा, महिरावणी, खंबाळे गेलं की डावीकडे अंजनेरी उभा राहतो आणि तिथून पुढे रस्ता खऱ्या अर्थाने डोंगरात शिरतो. अंजनेरीच्या पायथ्याशी जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत. रस्त्यालगत नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे. शेकडो सायकलस्वार त्यावरून जातात आणि आत कधीच वळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. एकदा तरी वेळ काढा.

त्र्यंबकमध्ये सायकल लावून नुसतं मंदिराच्या रांगेत उभं राहू नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेलं काळ्या दगडाचं हे मंदिर बाहेरूनही बराच वेळ बघावं असं आहे. कुशावर्त दोन मिनिटांवर आहे, निवृत्तीनाथांची समाधी थोडी पुढे. गल्ल्या अरुंद आहेत, जुने वाडे अजून काही उभे आहेत. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट घालून दगडी पायऱ्यांवर चालू नका, घसरतात. पिशवीत साधी चप्पल ठेवावी.

पुढच्या तीन काळांत हा रस्ता टाळा: श्रावणातले सोमवार, त्यातही तिसरा, कारण ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखांनी लोक येतात, पौष वद्य एकादशीच्या आधीचे दिवस, जेव्हा निवृत्तीनाथांच्या यात्रेच्या दिंड्या रस्त्याने चालत असतात, आणि पावसाळ्यातला कुठलाही रविवार दुपारी. दिंड्यांच्या दिवसांत गेलातच तर सायकलवरून उतरून बाजूने चाला. हा रस्ता त्या दिवशी त्यांचा असतो. २०२७ च्या सिंहस्थाची कामंही आहेत, त्यामुळे निघण्याआधी कुणाला तरी रस्त्याची अवस्था विचारून घ्या.

नाशिकचे घाट इतर ठिकाणांपेक्षा वेगळे आहेत असं सगळे का म्हणतात?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, पठारावर आहे. घाटमाथा आपल्या पश्चिमेला. म्हणजे पेठ, हरसूल, मोखाडा, कसारा, कुठेही निघालात तरी माथा ओलांडला की रस्ता खाली कोकणाच्या बाजूला पडतो. मुंबईकर घाट चढून वर येतो आणि घरी जाताना उतरतो. आपला हिशोब उलटा. सकाळी ताजे पाय घेऊन, गार हवेत, भर्रकन उतरून जायचं, आणि परतीचा चढ नेमका ऊन डोक्यावर आल्यावर, पाय गळाल्यावर. नाशिककराचा घाट परतीला लागतो.

हे मी एका एप्रिलमध्ये शिकले. त्र्यंबकहून मोखाड्याला निघाले होते. तोरंगणचा घाट उतरताना इतकं छान वाटत होतं की थांबावं असं मनातही आलं नाही. मोखाड्यात चहा-नाश्ता झाला, दोन्ही बाटल्या भरल्या आणि साडेदहाला परत फिरले. घाट निम्मासुद्धा झाला नव्हता, बाटल्या संपल्या. सागाची पानं झडलेली, सावली म्हणून नाही. हँडलवर घामाचं मीठ पांढरं दिसत होतं आणि कानात आपलंच रक्त ठोके देत होतं. एका पाड्याजवळ उतरले ती उतरलेच. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, जड वास सगळीकडे. तिथल्या आजींनी काही न विचारता तांब्याभर पाणी दिलं, मग वाडग्यात मीठ घातलेली नागलीची पातळ आंबील. "बस बाई, उन्ह उतरू दे," एवढंच म्हणाल्या.

तासाभराने त्यांची सून डोक्यावर दोन हंडे घेऊन आली. विहीर टेकडीच्या पलीकडे होती. मी प्यायले ते पाणी तिथून आलेलं होतं.

या पट्ट्यात पावसाळ्यात धो धो कोसळतं. तरी एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसतो, कारण बेसाल्टच्या उतारावर पाणी थांबत नाही. जवळच ऊर्ध्व वैतरणेचं धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. वरच्या पाड्यांवरच्या बाया मात्र पाण्यासाठी चालतात. म्हणून उन्हाळ्यात त्या बाजूला जाताना पाणी आपलं न्या, जास्त न्या, आणि पाड्यावर मागायची वेळ येणार नाही अशा बेताने निघा. त्यानंतर मी एप्रिल-मेमध्ये घाटाखाली जात नाही. माथ्यावरूनच परतते.

एक साधा नियम पाळते: खाली उतरायला लागला त्याच्या अडीचपट वेळ वर यायला धरायचा, आणि सकाळी नऊच्या आत परतीचा चढ सुरू करायचा.

पहिला घाट कोणता करावा?

वाघेरा. गिरणाऱ्याहून हरसूलकडे जाताना लागतो. रहदारी कमी, दोन्ही बाजूंनी सागाचं दाट जंगल, आणि वळणं अंगावर न येणारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात उतारांवर खुरासणी फुलते, तेव्हा डोंगर पिवळा धमक होतो. सायकलवर तो रंग तासभर सोबत असतो.

पेठ रस्त्यावरचे सावळ घाट आणि कोटंबी घाट त्यानंतर. चढ जमण्यासारखा आहे, पण हा गुजरातकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि मालट्रक भरपूर असतात. उजाडताना निघून आठपर्यंत माथ्यावर परत आलात तर त्रास होत नाही.

तोरंगण तिसरा. कारण वर सांगितलं.

सप्तशृंगी गड सायकलने चढता येतो का?

येतो, आणि नाशिक जिल्ह्यातला सर्वांत देखणा चढ मी यालाच म्हणेन. दिंडोरी, वणी करत नांदुरीला पोहोचायचं. तिथून गडावरच्या गावापर्यंत साधारण १० किलोमीटरचा घाट. गंमत अशी की हा घाट आपल्या नेहमीच्या हिशोबात बसत नाही: इथे चढ आधी आणि उतार नंतर. म्हणून परतीचं ओझं मनावर राहत नाही.

पहिले दोन-तीन किलोमीटर फसवे आहेत. रस्ता चांगला, हवा गार, माणूस जोरात सुटतो. तसं करू नका. जो गिअर पुढे लागणार आहे तो सुरुवातीपासूनच लावा. मधल्या वळणांवर खाली नांदुरीची घरं काड्यापेटीएवढी दिसू लागतात आणि समोर मार्कंडेयाचा डोंगर येतो. त्या जागी थांबून पाणी प्यावं. मंदिर त्याच्याही वर, कड्यात आहे. पायऱ्या आहेत आणि २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. सायकलिंगच्या कपड्यांत देवीसमोर जायला संकोच वाटत असेल तर पातळ ओढणी किंवा शर्ट सोबत ठेवा. मी ठेवते.

नवरात्र आणि चैत्रोत्सव या काळात घाटात एसटीच्या गाड्यांची आणि खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांची गर्दी असते. तेव्हा सायकल नको.

जव्हार एका दिवसात होईल?

जाणं होईल. नाशिकहून ८० किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच दिवशी परत येणं मुरलेल्या सायकलस्वारांनीच करावं. मी तर म्हणेन, मुक्काम करा. मुकणे घराण्याचं हे जुनं संस्थान, आणि गाव अजून संस्थानासारखंच आहे: रुंद रस्ते, झाडी, आणि जंगलाच्या कडेला जयविलास पॅलेस. शिरपामाळावर शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर थांबले होते, असं सांगतात. वारली चित्रकला बघायला प्रदर्शनात जायची गरज नाही, इथल्या पाड्यांतल्या भिंती बघा.

वसंतात गेलात तर मोखाडा-जव्हार पट्ट्यातला बोहाडा बघायला मिळण्याची शक्यता असते. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे घालून रात्रभर देवांची सोंगं नाचतात. त्यासाठी दुसऱ्या दिवशीची राईड उशिरा सुरू झाली तरी चालेल.

जाताना त्र्यंबकजवळच्या आंबोलीच्या अलीकडे-पलीकडे एक गोष्ट लक्षात ठेवा. या माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस गोदावरीतून १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो आणि पश्चिमेला पडलेला वैतरणेतून अरबी समुद्राला. सायकलवर ही सीमा पायांना कळते. पेडल हलकं होतं तिथे ती असते.

कसारा घाट करावा का?

हौस असेल तर एकदा, रविवारी पहाटे, ओळखीच्या माणसांबरोबर. मुंबई-आग्रा महामार्गाची वाहतूक इतकी आहे की मजा राहत नाही. रेल्वेचा थळ घाट मात्र बघण्यासारखा आहे. रुळांचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका, त्यामुळे कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. १८६५ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर आजही तेच चालतं.

त्यापेक्षा घोटीहून आत वळा. भातगिरण्यांचं हे गाव. दिवाळीनंतर नव्या इंद्रायणीचा वास रस्त्यावरच येतो. तिथून भंडारदऱ्याचा रस्ता कळसूबाईच्या पायथ्याने जातो. १,६४६ मीटरचं हे शिखर बारी गावाजवळ अगदी डोक्यावर येतं. पुढे प्रवरेवरचं १९२६ चं विल्सन धरण. नाशिकहून एका बाजूने ७० ते ७५ किलोमीटर होतात.

त्र्यंबकहून पहिणेमार्गे घोटीला जोडणारा रस्ताही तितकाच सुंदर आहे. फक्त पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहिण्यात गाड्यांची जत्रा असते. बुधवारी जा.

पावसाळ्यात सायकल चालवावी का?

हो, आणि मनापासून हो. आवणी चालू असते, गुडघाभर चिखलात बाया इरली नाहीतर प्लास्टिकचे कागद पांघरून ओळीने वाकलेल्या असतात, प्रत्येक कड्यावरून पाणी पडत असतं. वर्षातले हे दोन महिने या भागाचे खरे महिने.

पण नाशिक शहरातल्या पावसावरून अंदाज बांधू नका. शहरात भुरभुर असते तेव्हा इगतपुरी-त्र्यंबकला झोडपत असतं. शहराच्या कित्येक पट पाऊस घाटमाथ्यावर पडतो. घाटात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा ट्रक दिसत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, पुढचाही. मोरीवरून पाणी वाहत असेल तर सायकल खांद्यावर घेऊनही ओलांडू नका. थांबा किंवा परत फिरा. कड्याखालच्या वळणांवर दगड सुटतात, तिथे फोटोला उभं राहू नका.

घरी आल्यावर साखळी धुऊन, पुसून, तेल दिल्याशिवाय अंघोळीला जायचं नाही, ही सवय लावून घ्या. घाटातली लाल माती साखळीला कानसासारखी घासते.

वाऱ्याचं काय?

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. त्र्यंबकला जाताना तोंडावर, येताना पाठीशी. परतीच्या चढाचं सगळं ओझं तो थोडं हलकं करतो. हिवाळ्यात सकाळी उलट होतं, पूर्वेकडचा गार वारा येताना समोरून लागतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा उतारावर बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक दाबल्याचं कळत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्राचा कागद हा जुना उपाय आजही उत्तम चालतो.

कोणते गिअर, कोणते टायर?

पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच. मागे २८ वर अडून बसू नका. दुकानात कुणी "एवढ्याची गरज नाही" म्हणालं तर त्यांना तोरंगण दुपारी चढायला सांगा. टायर २८ मिलिमीटरचे, जागा असेल तर ३२. हवा १०० पीएसआय भरायची जुनी सवय सोडा. ६५-७० किलोच्या माणसाला ७० ते ८० पुरते आणि फुटलेल्या डांबरावर मनगटं दुखत नाहीत.

उतारावर ब्रेक कसे लावायचे?

सतत दाबून धरू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड तापून पकड जाते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, वळणात सोडा, नजर वळण जिथे संपतं तिथे ठेवा. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर हवेत, तिथून ब्रेकवर जास्त जोर येतो. गावांजवळचे गतिरोधक रंगवलेले नसतात, आणि सकाळी घाटात गुरं रस्त्यावर बसलेली असतात, कारण डांबर उबदार असतं. ओली सागाची पानं साबणासारखी निसटतात.

खायला काय न्यायचं?

राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, केळी. एवढं पुरतं. पाण्यासाठी: एक लिटरला चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. मिसळ हवीच असेल तर राईड संपल्यावर. काळ्या रश्श्याची झणझणीत मिसळ खाऊन चढाला लागलात की पोटात जाळ होतो. मेमध्ये पाटीतली करवंदं, जांभळं विकायला बसलेली पोरं दिसतात. त्यांच्याकडून घ्या, घासाघीस करू नका.

मुलींनी, बायकांनी एकट्याने जावं का?

मी जाते. पाड्यांवर मला कधी वाईट अनुभव आला नाही. जो आला तो शहराच्या हद्दीत, गाडीतून जवळून ओरडत जाणाऱ्यांचा. तरी घरी मार्ग आणि वेळ सांगून निघते, आणि हरसूल, मोखाड्याकडे फोनला रेंज जाते म्हणून शेवटच्या रेंजच्या गावातून एक मेसेज टाकते. उजाडायच्या आधी उसाच्या आणि मळ्यांच्या रस्त्याने एकटं जात नाही. तिथे बिबट्याचा वावर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोघी-तिघींनी मिळून जावं.

लांब पल्ल्याचं करायचं आहे. पुढे काय?

ब्रेव्हे करा, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राईड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका मोसमात चारही पूर्ण केले की 'सुपर रँदोनियर' हा किताब मिळतो. ही शर्यत नाही, वेळेत पोहोचायचं एवढंच. या शहरात लांब पल्ल्याचं वेड नवं नाही. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने अमेरिका आरपार करणारी 'रॅम' ही सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने केली. आणि रॅम नको असेल तर दरवर्षी नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी निघते. माझी पहिली मोठी राईड तीच.

समृद्धी महामार्गावर सायकल चालते का?

नाही. दुचाकींना आणि सायकलींना बंदी आहे.

डोंगर नको असेल त्या दिवशी?

सिन्नर. पुणे रस्त्याने ३० किलोमीटर, यादवकालीन गोंदेश्वर मंदिर. मधलं मोठं आणि चार कोपऱ्यांना चार लहान, असं पंचायतन. सकाळच्या तिरक्या उन्हात भिंतींवरची शिल्पं उठून दिसतात. दूर जायचं असेल तर चांदवड: होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचं देऊळ. महामार्गाचा कंटाळा येतो, एवढंच.

घाटात सायकल बंद पडली तर?

दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, तुटलेली साखळी जोडायचा क्विक लिंक सोबत हवाच. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप रोड बाईकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. पितळेचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. टायर चिरला तर आतून दुधाच्या पिशवीचा दुमडलेला तुकडा लावला की घरापर्यंत येता येतं. मी तसं हरसूलहून आले आहे.

अगदीच काही चालेना तर काळी-पिवळी जीप थांबवा. टपावर सायकल बांधून देतात, भाडं आधी ठरवा. टपावर कॅरिअर असलेल्या एसटी आता कमी झाल्या आहेत. अपघात झाला तर १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. रेंज नसेल तर येणारी पहिली गाडी थांबवून तिच्या ड्रायव्हरला निरोप द्या, कोणत्या गावापुढे, कोणत्या वळणावर, हे नीट सांगून. वाटेवरचे किलोमीटरचे दगड बघत जायची सवय असेल तर हे सांगता येतं.

आणि एक घंटी लावा. रोड बाईकवाले लावत नाहीत. पाड्यावरची पोरं लांबून रंगीत जर्सी बघून रस्त्याकडे धावत येतात, घंटी ऐकली की कडेलाच थांबतात आणि हात हलवतात.